अडीच लाख वाण जमवणारा माणूस उपाशी गेला

२०१० च्या सुरुवातीला देशात वांग्यावरून रण माजलं होतं. बीटी वांग्याला, म्हणजे अळी मारणारं जीवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याला, लागवडीची परवानगी द्यायची की नाही यावर तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यात नागपूर होतं, हैदराबाद होतं, अहमदाबाद आणि बेंगळुरूही. फवारणीच्या खर्चानं मेटाकुटीला आलेले शेतकरी एका बाजूला, गावरान बियाणं हातचं जाईल म्हणून धास्तावलेले शेतकरी दुसऱ्या बाजूला. शास्त्रज्ञ दोन्हीकडे. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक वेगळं होतं: भारत हे वांग्याचं उगमस्थान आहे, इथे वांग्याचे असंख्य वाण आहेत, तेव्हा इथे घाई नको.

सीमाभागाचा या प्रकरणाशी अगदी घरचा संबंध. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात ज्या स्थानिक वाणांवर हे काम झालं, त्यात रायबाग तालुक्यातल्या कुडचीचं वांगं होतं आणि बागलकोट जिल्ह्यातल्या रबकवीचंही. पुढे हे वाण रीतसर परवानगी न घेता वापरल्याचा आरोप झाला, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं त्याची दखल घेतली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. कुडचीच्या वांग्यावर नेमका हक्क कुणाचा, शेतकऱ्याचा, विद्यापीठाचा की बियाणे कंपनीचा, हा प्रश्न त्या वेळी पहिल्यांदा लोकांच्या तोंडी आला.

पण उगमस्थान हा शब्द या वादात आला कुठून? तो आला एका रशियन माणसाकडून. निकोलाय वाविलोव त्याचं नाव. पिकांची जन्मभूमी शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील इवान हे वोलोकोलाम्स्क भागातल्या एका खेड्यातले, मूळ कूळ भूदास शेतकऱ्यांचं. लहानपणीच ते मॉस्कोला आले आणि कापडाच्या व्यापारात पैसा मिळवून बसले. मुलानंही पेढीवर बसावं असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मुलं मात्र दोन्ही विज्ञानाकडे वळली. धाकटे सर्गेय पदार्थविज्ञानात गेले. थोरल्यानं शेतीची वाट धरली.

त्या काळच्या रशियात शेती शिकणं म्हणजे भुकेचा अभ्यास करणं. निकोलाय चार वर्षांचे असताना १८९१-९२ चा मोठा दुष्काळ पडला होता. वोल्गा नदीच्या काठच्या गावांतून लाखो माणसं मेली. १९०६ मध्ये वाविलोव मॉस्कोच्या कृषी संस्थेत दाखल झाले. त्यांचा पहिला प्रबंध पिकं खाणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगाईंवर होता. मग १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि विल्यम बेटसन यांच्या हाताखाली काम करू लागले. आनुवंशशास्त्राला जगभर वापरलं जाणारं नाव देणारे ते हेच बेटसन. मेंडेलचे नियम तेव्हा नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. रोगाला दाद न देणारा गहू जन्मतःच तसा असतो आणि तो गुण संकरानं दुसऱ्या गव्हात आणता येतो, ही गोष्ट वाविलोव यांच्या डोक्यात तिथे पक्की बसली. १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि ते घरी परतले.

१९१६ मध्ये त्यांना इराणला पाठवण्यात आलं. उत्तर इराणमध्ये तैनात रशियन सैनिक भाकरी खाऊन आजारी पडत होते, दारू प्यायल्यासारखे झिंगत होते. पिठात एका विषारी गवताचं बी मिसळलेलं वाविलोवनी शोधून काढलं. सरकारी काम तिथे संपलं. पण ते तिथून थेट परतले नाहीत. वर पामीरच्या डोंगरांत गेले आणि तिथे त्यांना एक मजेशीर गोष्ट दिसली.

भाताच्या खाचरात जसं आगंतुक रानभात उगवतं, तशी तिथल्या गव्हात राय उगवत होती. खालच्या शेतात ती तण म्हणून थोडीफार. जसजसं वर चढावं तसतसा गव्हाला थंडीचा मार बसे आणि राय वाढत जाई. अगदी वरच्या गावांत गहू संपलेला आणि शेतकरी रायच पेरत, कापत, खात होते. म्हणजे रशियाचं मुख्य अन्न असलेलं हे धान्य मुळात गव्हातलं तण होतं. कुणी शोधून काढलं नाही, थंडीनं निवडलं आणि शेतकऱ्यानं स्वीकारलं. पीक कुठून आलं हे कळायचं तर प्रयोगशाळेत बसून भागत नाही, डोंगर चढावे लागतात, हे वाविलोवना उमगलं.

क्रांतीच्या वर्षी, १९१७ मध्ये ते वोल्गाकाठच्या सारातोव शहरात प्राध्यापक झाले. हे शहर लक्षात ठेवावं, त्यांच्या आयुष्यात ते पुन्हा येणार आहे. तिथेच १९२० च्या एका परिषदेत त्यांनी समरूप मालिकांचा नियम मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर, गव्हात जे जे फरक दिसतात, कुसळाचा आणि बिनकुसळाचा, पांढऱ्या दाण्याचा आणि लाल दाण्याचा, तेच फरक त्याच क्रमानं त्याच्या जवळच्या नात्यातल्या पिकांतही सापडतात. तेव्हा एका पिकात जागा रिकामी दिसली तर ती जात कुठेतरी असणार, शोधायला निघावं.

पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, त्याच वोल्गाकाठी पुन्हा भीषण दुष्काळ पडला. पेरायलाही दाणा उरला नाही. त्या वर्षी वाविलोव अमेरिकेला गेले आणि पेट्यांच्या पेट्या बियाणं घेऊन परतले. पेत्रोग्राद, म्हणजे नंतरचं लेनिनग्राद, तिथल्या वनस्पती संस्थेची सूत्रं त्यांच्या हाती आली. सेंट आयझॅक चौकातल्या झारशाहीच्या जुन्या सरकारी इमारतीत त्यांनी जगातली त्या काळची सर्वांत मोठी बीज-पेढी उभी केली.

१९२४ मध्ये घोड्यांचा तांडा घेऊन त्यांनी अफगाणिस्तान पालथा घातला. मग भूमध्य समुद्राभोवतालचे देश, १९२६-२७ मध्ये इथिओपिया, १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, तैवान, कोरिया. अल्मा-अताच्या आसपास डोंगरउतारावर रानसफरचंदांची जंगलं पाहून सफरचंदाचं घर हेच, असं त्यांनी ओळखलं. १९३० मध्ये मेक्सिको आणि ग्वाटेमाला, मक्यासाठी. १९३२-३३ मध्ये दक्षिण अमेरिका, बटाट्यासाठी. मलेरिया झाला, विमान वाळवंटात उतरवावं लागलं, पोलिसांनी हेर समजून संशय घेतला. अंगात सूट, गळ्यात टाय, डोक्यावर हॅट आणि बाजारात बायकांच्या टोपल्यांत हात घालून दाणे चाळणारा हा माणूस. जिथे जाईल तिथे बाजार आधी, राजवाडा नंतर. रात्रीची झोप चार-पाच तास, एवढंच.

या भटकंतीतून जे निघालं ते त्यांनी १९२६ च्या पुस्तकात मांडलं आणि पुढे सुधारत नेलं. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची विविधता सर्वाधिक, तिथे ते पीक जन्मलं असण्याची शक्यता जास्त. असे मोजकेच प्रदेश जगात आहेत आणि ते बहुतेक डोंगराळ आहेत. मेक्सिको मक्याचं. पेरू-बोलिव्हियाचे डोंगर बटाट्याचे. भारतीय केंद्राच्या त्यांच्या यादीत भात, तूर, आंबा, ऊस आणि वांगं आहे. पुढच्या संशोधकांनी या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या केल्या. विविधता आणि जन्म दर वेळी एकाच जागी असतात असं नाही. पण जुनं बियाणं कुठे शोधायचं आणि कुठे जपायचं, याचा नकाशा आजही मूळ त्यांचाच.

गंमत म्हणजे स्वतः वाविलोव भारतात कधी आले नाहीत. ब्रिटिश सरकारला सोव्हिएत पाहुणे नको होते. त्यांचे सहकारी मार्कोविच १९२६ नंतर इकडे फिरले आणि इथलं बी लेनिनग्रादला पोचलं.

१९२९ मध्ये वाविलोव देशाच्या कृषी अकादमीचे अध्यक्ष झाले. बाहेरून पाहता तो त्यांच्या भाग्याचा कळस होता. त्याच काळात स्टॅलिनची सक्तीची सामुदायिक शेती सुरू झाली आणि १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, वोल्गाकाठ इथे लाखो माणसं अन्नावाचून मेली. धान्य होतं, ते सरकारनं उचललं होतं. याबद्दल उघड बोलायची सोय तिथे कुणालाच नव्हती, वाविलोवनाही नाही. ते तेव्हा अमेरिका खंडात बटाटे गोळा करत होते. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात खटकते, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सरकारला आता धान्य हवं होतं आणि तेही लगेच. नवा वाण तयार करायला दहा-बारा वर्षं लागत. १९३१ चा सरकारी आदेश निघाला: चार-पाच वर्षांत द्या. वाविलोव आणि त्यांच्यासारख्यांना हे शक्य नव्हतं. शक्य आहे असं छातीठोक सांगणारा एक माणूस मात्र तयार होता.

त्रोफिम लिसेंको युक्रेनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. हिवाळी गव्हाचं बी भिजवून, थंडीत ठेवून मग वसंतात पेरलं तर ते त्याच हंगामात पिकतं, एवढ्या एका गोष्टीवर तो गाजला. ही गोष्ट थोडीफार खरी होती आणि जुनीही. लिसेंको तिथे थांबला नाही. अशा वागणुकीनं पिकाचा स्वभावच बदलतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो, असं त्याचं म्हणणं. जनुक वगैरे काही नसतं, ती भांडवलदारांची कल्पना. पुरावा काय, तर सामुदायिक शेतांच्या प्रमुखांनी भरून दिलेले कागद. पीक कमी आलं असं लिहायची त्या दिवसांत कुणाची हिंमत होती?

इथे वाविलोव यांची चूक झाली. सुरुवातीला त्यांनी लिसेंकोला हात दिला. शेतकऱ्याचा होतकरू पोर आहे, प्रयोग करतोय, करू दे, असा त्यांचा मोकळा स्वभाव. जाहीर सभांत कौतुक केलं, शिफारशी केल्या. डोळे उघडले तोवर उशीर झाला होता. १९३५ मध्ये क्रेमलिनमधल्या सभेत लिसेंकोनं विरोधी शास्त्रज्ञांना वर्गशत्रूंच्या रांगेत बसवलं आणि स्टॅलिननं भर सभेत त्याला शाबासकी दिली. त्याच वर्षी वाविलोव यांचं अकादमीचं अध्यक्षपद गेलं. त्यांच्यानंतर आलेल्या अध्यक्षाला १९३७ मध्ये अटक झाली आणि १९३८ मध्ये लिसेंको स्वतः त्या खुर्चीवर बसला. आंतरराष्ट्रीय आनुवंशशास्त्र परिषद मॉस्कोत भरायची होती, ती रद्द झाली. १९३९ मध्ये ती एडिनबरोला भरली तेव्हा अध्यक्ष म्हणून निवड वाविलोव यांचीच झाली होती. त्यांना देशाबाहेर सोडलं नाही. खुर्ची रिकामी राहिली.

आजच्या जीएम पिकांच्या भांडणात वाविलोव आणि लिसेंको ही दोन्ही नावं हत्यारासारखी वापरली जातात. जनुकीय पिकांना विरोध करणारा प्रत्येक जण आजचा लिसेंको, असं एक बाजू म्हणते. वाविलोव म्हणजे गावरान बियाण्याचे रखवालदार, तेव्हा ते आपलेच, असं दुसरी. दोघांचंही चुकतं. वाविलोव जुने वाण काचेच्या कपाटात पुजायला जमवत नव्हते. त्यातला कणखरपणा, रोगप्रतिकार काढून नव्या वाणात घालायचा, हाच त्यांचा हेतू होता आणि त्यासाठी आनुवंशशास्त्र हेच त्यांचं अवजार. पण कुठलाही वाण वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या मातीत पेरून पाहिल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हाही त्यांचाच आग्रह. दुसऱ्या सजीवाचं जनुक पिकात घालायचं तंत्र त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी आलं. त्यावर त्यांचं मत काय असतं, हे त्यांच्या तोंडी कुणी घालू नये. वांग्याच्या सुनावणीत निदान लोकांना माइक मिळाला, आरडाओरडा झाला तरी मंत्र्यानं ऐकलं. वाविलोव यांच्या देशात असा वाद वरून मिटवला जात होता, आणि हरणाऱ्याला तुरुंग होता.

६ ऑगस्ट १९४० रोजी वाविलोव पश्चिम युक्रेनमध्ये, चेर्निव्हत्सी शहराजवळच्या डोंगरांत रोपं गोळा करत होते. संध्याकाळी काळ्या मोटारीतून काही माणसं आली. मॉस्कोत तातडीचं काम आहे, असं सांगून त्यांना घेऊन गेली. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी त्यांची पिशवी उघडली, तर त्या दिवशीच्या कणसांत एक जुनाट, टरफलाचा गहू सापडला. तो तिथे असेल असा त्यांचा अंदाज होता, आणि तो होता.

पुढचे अकरा महिने चौकशी. सुमारे ४०० वेळा त्यांना बसवण्यात आलं, बहुतेक रात्री, तासन्‌तास उभं करून. शेवटी शेतीत मुद्दाम घातपात केल्याच्या कागदावर सही घेतली. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांत खटला आटोपला आणि मृत्युदंड सुनावला गेला. एव्हाना जर्मन फौजा रशियात घुसल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोतले कैदी पूर्वेला हलवले, त्यात वाविलोव सारातोवच्या तुरुंगात आले. ज्या शहरात चोवीस वर्षांपूर्वी ते तरुण प्राध्यापक होते, त्याच.

कोठडी जमिनीखाली, खिडकी नाही. सोबतच्या कैद्यांना ते पिकांच्या इतिहासावर व्याख्यानं देत. १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना परदेशी सदस्य निवडलं. ते जिवंत आहेत की नाही, हेही तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मृत्युदंड बदलून वीस वर्षांची सजा झाली, पण जेवण तेच, पातळ लापशी. २६ जानेवारी १९४३ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी तुरुंगाच्या दवाखान्यात प्राण सोडला. कारण कुपोषण.

त्यांची पत्नी येलेना बारुलिना याही वनस्पतिशास्त्रज्ञ, मसुराच्या अभ्यासक. मुलगा युरीला घेऊन त्या त्या दिवसांत सारातोवलाच राहत होत्या. नवरा मॉस्कोत आहे असं त्यांना सांगितलेलं. स्वतःच्या घासातला घास वाचवून त्या मॉस्कोच्या पत्त्यावर खाऊची पार्सलं पाठवत राहिल्या.

तिकडे लेनिनग्रादला ८ सप्टेंबर १९४१ पासून जर्मनांचा वेढा पडला होता. नोव्हेंबरात कामगार नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव, तोही भुसा मिसळलेला. सेंट आयझॅक चौकातल्या इमारतीत मात्र टनांनी धान्य होतं: गहू, भात, मका, शेंगदाणे, कडधान्यं. अडीच लाख नमुने. संचालक कुठे आहेत, जिवंत आहेत का, हे त्यांच्या माणसांना माहीत नव्हतं. तरी त्यांनी पाळ्या लावल्या. खोलीत एकट्यानं जायचं नाही, असा नियम केला. उंदीर कपाटांवर चढत, तर डबे पत्र्यात बंद केले. बॉम्बवर्षाव चालू असताना शहराबाहेरच्या पावलोव्स्कच्या शेतातून बटाट्याचे वाण उकरून आणले, आणि ते गारठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळून तळघर उबदार ठेवलं.

भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव भुकेनं गेले. त्यांच्या ताब्यात भाताची हजारो पाकिटं होती, भरलेली. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन टेबलापाशी बसल्या जागी गेले. ओटच्या अभ्यासक लिलिया रोदिना गेल्या. आणखीही काही गेले. वेढा २७ जानेवारी १९४४ रोजी उठला. वाविलोव यांच्या मृत्यूला आदल्या दिवशी एक वर्ष झालं होतं.

धाकट्या भावाची कथा निराळीच. सर्गेय वाविलोव १९४५ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. थोरल्याला मारणाऱ्या राजवटीत त्यांनी ते पद का घेतलं, यावर रशियात अजून लिहिलं जातं. १९४८ मध्ये आनुवंशशास्त्रावर सरकारी बंदी आली, पाठ्यपुस्तकं जाळली गेली, तेव्हा अध्यक्ष तेच होते. ही बंदी रशियाला महाग पडली. बाकी जग संकरित मका पेरून उत्पादन वाढवत असताना हा देश मागे राहिला.

स्टॅलिन गेल्यावर, १९५५ मध्ये, वाविलोव यांच्यावरचे आरोप रद्द झाले. लिसेंकोचा दबदबा मात्र १९६५ पर्यंत टिकला. त्यानंतर लेनिनग्रादच्या संस्थेला वाविलोव यांचं नाव मिळालं. चौकातली इमारत अजून तीच आहे. वेढ्यातून वाचलेल्या बियाण्यातून पुढे अनेक वाण निघाले आणि ते सोव्हिएत शेतांत पेरले गेले. सारातोवच्या दफनभूमीत त्यांची नेमकी कबर कुणालाच सापडली नाही. तिथे नुसतं स्मारक आहे.

बारुलिना यांना नवऱ्याचं निर्दोषत्व पाहायला मिळालं. प्रकृती खालावलेली असतानाही त्या त्यांची हस्तलिखितं लावत बसत. १९५७ मध्ये त्या गेल्या. अटकेच्या वेळी जप्त झालेले बरेच कागद तोवर जाळून टाकलेले होते. मोहिमांचं पुस्तकही त्यातच गेलं असं सगळे धरून चालले होते. पण ते पुस्तक वाविलोवनी तोंडी सांगून लिहून घेतलं होतं. लिहून घेणाऱ्या लघुलेखिका अलेक्झांड्रा मिशिना यांनी त्यातले बरेच कागद इतकी वर्षं जपून ठेवले होते. १९६२ मध्ये ते पाच खंडांचं प्रवासवर्णन म्हणून छापून आलं, मधली काही प्रकरणं गाळलेल्या जागांसकट.